दीड विटेचा उतार

कुणाला आपल्या लहानपणच्या घराचा रंग आठवतो, कुणाला अंगणातलं झाड आठवतं. मला एक उतार आठवतो. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली एकेक अख्खी वीट आणि तिच्यावर एकेक अर्धी. एवढ्या उतारावरच माझ्या आईला जरा बरं वाटायचं. पूर्ण आडवं केलं की तिचा श्वास कोंडायचा आणि उठवून बसवलं की पाठीच्या कण्यातून कळ जायची. एक वीट ठेवून पाहिली, दोन ठेवून पाहिल्या, उशा रचून पाहिल्या. शेवटी अण्णांनी छिन्नीनं एक वीट मधोमध फोडली आणि आई म्हणाली, "हां, आता राहू द्या." त्या दिवसापासून आमच्याकडे दीड वीट हे मापच झालं. आज पन्नाशी उलटून गेल्यावर माझी स्वतःची पाठ धरते, तेव्हा मी नुसत्या डोळ्यांनी सांगू शकते की समोरचा पलंग किती विटांचा आहे.

आम्ही पंचवटीत पेठ रोडला राहायचो. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मोरी. दुकान म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मूळचे निफाडकडचे. शाळा सातवीपर्यंत, पण गाडीच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा त्या रस्त्यावर कुणी नव्हता. घरात सगळे आवाज दुकानाचे असायचे. हॉर्न तपासले जायचे, सेल्फ खर्र करून थांबायचा, इंडिकेटरच्या फ्लॅशरची टिकटिक चालू राहायची आणि त्या टिकटिकीवर आई भाकऱ्या थापायची. अॅसिडचा आणि जळक्या वायरीचा वास आमच्या कपड्यांना कायम असे. कॉलेजात माझ्या शेजारी बसायला मुली नाक मुरडायच्या. मला दोन भाऊ असते तर मी कदाचित या धंद्यात पडले नसते, पण मी एकुलती एक. चौदाव्या वर्षी माझ्या हातात टेस्ट लॅम्प आला. "पोरीची जात, वायरी काय जोडती," असं गिऱ्हाईक म्हणालं की अण्णा म्हणायचे, "करंटला कुठं कळतंय पोरगा हाय का पोरगी." त्यांनी मला शिकवलेलं पहिलं वाक्य मी अजूनही दुकानातल्या पोरांना ऐकवते. फॉल्ट शोधायचा तर आधी फ्यूज, मग अर्थिंग, मग बाकी जग. आधी फ्यूज न बघता वायरी उपसणारा माणूस त्यांच्या लेखी कारागीरच नव्हता.

आई नामपूरची. लग्न होऊन नाशकात आली तरी तिचं अर्धं चित्त माहेरच्या बागलाणातच असायचं. इथे ती आमच्यासारखं बोलायची, पण माहेरचं माणूस दारात आलं की क्षणात अहिराणी सुरू. वायरीला वायर जोडणाऱ्या खटक्याला दुकानात कपलर म्हणतात, म्हणून अण्णा तिला चिडवायचे, "सटाण्याच्या पुढं तुझा कपलरच बदलतो." आजारपणाच्या दोन वर्षांत तिला माहेरी जाता आलं नव्हतं. एसटीत बसणं शक्य नव्हतं. एकदा मामांनी जीप पाठवली, तर आई म्हसरूळच्या पुढे जाऊ शकली नाही. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती कळ सोसत होती, ते पाहून अण्णांनीच जीप परत फिरवली. त्या दिवशी घरी येऊन दीड विटेवर टेकल्यावर ती म्हणाली, "मला एकदा नामपूरला न्या. मग काय व्हायचं ते होऊ दे."  हातातला कप अण्णांनी बशीत ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

आमच्याकडे एक जुनी पांढरी डिझेल गाडी होती. पूर्वी टॅक्सीला चाललेली, पुढे एकच लांब बाक असलेली. लोकांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याची स्वतःची गाडी कशी असते ते सांगायला नको. तिचा एक दिवा लागायचा, दुसरा मनात आलं तर. अण्णांनी तिच्यासाठी कधी वायरीचा नवा तुकडा वापरला नव्हता. ते अण्णा एके दिवशी मालेगावच्या भंगारबाजारात गेले आणि टेम्पोत एक सीट घेऊन आले. कुठल्याशा अपघातात चुरडलेल्या परदेशी बनावटीच्या गाडीचं होतं ते. राखाडी कातड्याचं, एका बाजूला फाटलेलं, खाली चार मोटरी आणि बाजूला बटणं. बटण दाबलं की सीट पुढे-मागे सरकायचं, वर-खाली व्हायचं, पाठ हळूहळू मागे जायची आणि मनाला येईल तिथे थांबायची. आज दर दुसऱ्या गाडीला असं सीट येतं आणि त्याचं किट बाजारात तयार मिळतं. तेव्हा पेठ रोडवर असलं काही कुणी पाहिलंच नव्हतं. शेजारचा पंक्चरवाला येऊन त्यावर बसून गेला, चहावाला बसून गेला. आईनं मागच्या खोलीतून विचारलं, "कुणाचं काम आलंय?" अण्णा म्हणाले, "घरचंच."

पुढचे दहा-बारा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आईला सगळं दिसावं म्हणून अण्णांनी मधलं दार चौकटीतून काढून ठेवलं आणि सीट उलटं करून तिच्या पलंगासमोर मांडलं. कपलरमधून सोळा वायरी बाहेर आल्या होत्या, आकृती नाही, कागद नाही. एकेका वायरीला बॅटरी लावून कोणती मोटर कुरकुरते ते बघायचं आणि मी वहीत रंग लिहायचे. तपकिरी-पांढरी, पाठ मागे. तपकिरी-काळी, पाठ पुढे. आई पडल्या पडल्या पाठ करायची आणि मी चुकले की सुधारायची. "तपकिरी-काळी नव्हे गं, ती मघाशीच झाली." तिला इतकं बोलताना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. पुढचा बाक मधोमध कापून ड्रायव्हरशेजारचा अर्धा काढून टाकला, लोखंडी अँगलचा सांगाडा जोडून सीट त्यावर बसवलं, तिचे पाय टेकवायला पुढे एक पाट केला. फाटलेल्या कातड्यावर आईच्याच जुन्या लुगड्याची खोळ चढली. मोटरी भरपूर करंट ओढतात, म्हणून अण्णांनी बॅटरीपासून जाडजूड स्वतंत्र लाइन आणली. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गाडीला नवीकोरी वायर मिळाली. प्रत्येक सांध्याला कथलाचा डाग, त्यावर नळी, त्यावर टेप. मी म्हटलं, "अण्णा, गिऱ्हाइकाला तर एवढं करत नाही." ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला पाठ हाय. तिला नाय."

आईनं एकदा विचारलं, "एवढ्या वायरी. याचा जीव कशात असतो?" अण्णांनी बाजूची टोपी उघडून तिला दाखवलं. सीटच्या कडेला, खाली हात घातला की लागेल अशा जागी त्यांनी फ्यूज बसवला होता. वीस अँपिअरचा, पिवळा, नखाएवढा. "हा काढला की सगळं मेलं. पाठ जिथं असंल तिथं थांबणार, मग दहा माणसं लागली तरी हालायची नाय." आईनं तो हातात घेऊन उजेडात धरला. आतली बारीक तार तिनं निरखून पाहिली आणि परत दिला.

पहिली फेरी आम्ही पंचवटी कारंजापर्यंत मारली. अण्णांनी लाकडाचा एक पाचरीसारखा तुकडा बरोब्बर दीड विटेच्या उताराचा कापून ठेवला होता. तो पाठीला लावून त्यांनी बटण दाबून दाबून माप जुळवलं. मग आईचं बोट धरून बटणावर ठेवलं आणि म्हणाले, "आता तू." ती जराशी वर आली, जराशी खाली गेली, पुन्हा वर आली. गाडी रस्त्यात उभी, मागून रिक्षा ओरडत होत्या आणि आई बटण दाबत हसत होती. पुढे सगळं जे काही झालं त्यातही ते हसू माझ्याकडे राहिलं, याबद्दल मी त्या चुरडलेल्या गाडीची आणि तिच्या न पाहिलेल्या मालकाची ऋणी आहे.

शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी दुपारी परतायचं आणि सोमवारी सकाळी आठला दवाखान्यात हजर राहायचं, असं ठरलं होतं. सोमवारी केमोचं मोठं सलाईन होतं. ते चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. अण्णांना त्यांनी केबिनमध्ये एकट्यांना बोलावलं होतं. तिथे काय बोलणं झालं ते मला अजून माहीत नाही. निघण्याच्या दिवशी अण्णांनी गाडी तिसाच्या वर नेली नाही. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचे टेम्पो रांगेनं उभे होते, हंगाम संपत आला होता. आईला वास आला. तिनं मण्यांचा एक घोस मागून घेतला, खाल्ला नाही, नुसता मांडीवर ठेवला. देवळ्याच्या पुढे रस्ता खराब झाला, तसं तिनं स्वतःच बटणानं पाठ दोन बोटं वर घेतली. सटाणा मागे पडलं आणि तिची बोली बदलली. "आते आम्हनं गाव उनं," ती म्हणाली. अण्णा माझ्याकडे आरशातून बघून म्हणाले, "बदलला कपलर."

मामांचं घर गावाच्या कडेला, पुढे ओटा आणि बाजूला कांद्याची चाळ. नुकताच कांदा भरला होता, सगळ्या अंगणाला त्याचा उग्र, कोरडा वास. अण्णांनी आईला उतरवायच्या आधी ओट्यावरच्या पलंगाखाली विटा लावल्या. मामींनी फुनके केले होते, भरडलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके, आणि वर गरम कढी. नाशकात चमचाभर भात पोटात राहत नसलेली माझी आई दीड फुनका जेवली. मामांनी तो मोजला आणि सगळ्या भावकीला सांगत सुटले. दिवसभर बाया येत होत्या, तिचे तळवे चोळत होत्या, कुणाकुणाच्या सोयरिकी सांगत होत्या. ती मध्येच डोळे मिटायची, पण गप्पा थांबल्या की म्हणायची, "बोला ना वं, मी ऐकी ऱ्हायनू." रविवारी सकाळी तिनं केस धुवून मागितले. मामींनी शिकेकाई लावून धुतले, मी उन्हात पसरून विंचरले. त्या औषधांनी केस उरलेच किती होते, पण तिनं आरसा मागितला.

दुपारी निघायची वेळ झाली. आईला गाडीत बसवायचं तर आधी सीट ताठ करून घ्यावं लागे, मग ती टेकली की पाठ मागे न्यायची. अण्णा मामांबरोबर चाळीकडे गेले होते. आईनं मला जवळ बोलावलं आणि मनगट धरलं. तिच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "मंगे, गाडीपान जाय. सीट ताठ कर आनि तो पिवळा काढी ले."

मला कळायला वेळ लागला नाही. मी म्हटलं, "आई, उद्या सलाईन आहे."

"माले ठाऊक शे. त्या दवाखानामा माले आते जानं नही. माले आठेच ऱ्हाऊ दे." मग थोडं थांबून म्हणाली, "तुना बापले सांगू नको. तो मना शब्द मोडत नही, पन उद्याना दिस चुकाडना म्हनीसन जल्मभर झुरी."

मी अठरा वर्षांची होते. बारावीला होते, गाडीचं अख्खं वायरिंग एकटी ओढू शकत होते, पण आईनं असं काही मागितल्यावर काय करायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तिला नाही म्हणावं तर ती तीच कळ सोसत त्या हिरव्या पडद्यांच्या वॉर्डात जाणार. हो म्हणावं तर सोमवार चुकणार. आणि सोमवार चुकला म्हणजे काय, ते मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी गाडीकडे गेले. सीट ताठ केलं, खाली हात घातला, टोपी उघडली. फ्यूज सहज निघाला. तो मी मुठीत धरला आणि मूठ ओढणीखाली घेतली.

चौघांनी मिळून आईला गाडीत आणलं. ताठ सीटवर टेकवल्याबरोबर तिचा चेहरा पांढरा पडला. अण्णांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मोटरीची ती ओळखीची कुरकुर नाही, काही नाही. मामांनी विचारलं, "दाजी, काय व्हयनं? हातवरी लोटीसन मांगे पडत नही का ती?" अण्णा म्हणाले, "नाय, गिअरमध्ये अडकल्यावर हातानं हालत नाय." आईला परत ओट्यावर नेलं. मग अण्णा गुडघ्यांवर बसले, डोकं सीटखाली घातलं आणि नेहमीसारखा त्यांचा हात सगळ्यात आधी फ्यूजकडे गेला. मी त्यांच्या मागे पक्कड घेऊन उभी होते. टोपी उघडल्याचा टक आवाज मी ऐकला. आत काय दिसत होतं ते मला माहीत होतं. जळलेला फ्यूज जागेवर असतो. जागा रिकामी दिसली तर कुणीतरी काढला आहे, एवढं दुकानातल्या कच्च्या माणसालाही कळतं. आणि अण्णांच्या खिशातल्या डबीत पाच-सहा फ्यूज कायम असायचे.

त्यांचा हात खिशातल्या डबीकडे गेला नाही. मग टोपी लावल्याचा टक आवाज आला. सीटखालूनच ते मोठ्यानं म्हणाले, "फ्यूज चांगला हाय. आत मोटरमध्ये काहीतरी झालंय."

बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मुठीकडेही पाहिलं नाही. हात पुसले आणि म्हणाले, "जा, आईजवळ बस. मला वेळ लागंल."

त्यांना वेळ लागला. जो माणूस रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकून कुठली वायर सैल आहे ते सांगायचा, त्यानं मामांच्या अंगणात ते सीट तीन वेळा उतरवलं आणि तीन वेळा चढवलं. स्वतः दिलेले डाग सोडवले, टेप उकलली, पुन्हा गुंडाळली. सोमवारी मामांनी सटाण्याहून अँब्युलन्स आणायची गोष्ट काढली, तर आईनं ऐकून घेतलं नाही आणि अण्णा म्हणाले, "आडवं टाकून नेली तर रस्त्यातच जीव गुदमरंल. मी काढतो फॉल्ट." मंगळवारी ते पार्ट आणतो म्हणून सटाण्याला गेले आणि मोसंबी घेऊन आले. गावच्या डॉक्टरांना बोलावून दुखणं कमी होण्याची इंजेक्शनं सुरू केली. रोज सकाळी चहा झाला की आई ओट्यावरून विचारायची, "अहो, सापडला का फॉल्ट?"

"नाय अजून."

"सावकाश शोधा."

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की दोघंही सगळं जाणून आहेत. एकमेकांना कळलंय हेही त्यांना कळलंय. फक्त बोलायचं नाही, असं त्यांचं न ठरवता ठरलं होतं. वीस वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी शेजारी बसून गप्पा मारताना पाहिलं नव्हतं, दुकानातून वेळच मिळायचा नाही. त्या आठवड्यात अण्णा अंगणात वायरी पसरून बसायचे, ती विटांवर टेकून बघत राहायची, आणि दोघांत इकडचं तिकडचं बोलणं चालायचं. मला मात्र त्या गोडव्यात बसता येत नव्हतं. फ्यूज मी ओढणीच्या टोकाला बांधला होता. रोज वाटायचं, आत्ता जाऊन बसवावा आणि म्हणावं चला. एकदा अण्णांसमोर जाऊन उभी राहिले, गाठ सोडायला लागले. ते म्हणाले, "राहू दे, मंगे." एवढंच. मी गाठ पुन्हा मारली.

नवव्या दिवशी सकाळी चहा झाला, पण आईनं काही विचारलं नाही. तिचे डोळे चाळीकडे लागले होते. अण्णा हातातली वायर टाकून ओट्यावर आले. ती गेली तेव्हा तिचं डोकं दीड विटेच्या उतारावर होतं, कांद्याच्या वासात, तिच्या गावात. मला हे समाधान म्हणून सांगता यायला हवं. पण तेव्हा मला एकच वाटत होतं की मी एक पिवळा फ्यूज काढला आणि माझी आई गेली. ते वाटणं अजून गेलेलं नाही. शहाणी माणसं सांगतात की तसंही फार दिवस नव्हते. नसतील. पण किती नव्हते ते कुणी सांगत नाही.

दहाव्याला नदीवर सगळी भावकी जमली होती. विधी उरकल्यावर मामा सगळ्यांसमोर अण्णांना म्हणाले, "दाजी, तुम्हना त्या वायरिंगमुळे मनी बहीन गयी. लोकेसन्या गाड्या नीट करतस आनि घरनी एक सीट धड जोडता उनी नही." कुणी त्यांना आवरलं नाही. सगळ्यांच्या मनात तेच होतं. मी पुढे झाले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि जेमतेम दिसेल एवढी मान हलवली. मग खाली बघून मामांना म्हणाले, "बरोबर हाय. माझ्याकडनंच चुकलं." मी तिथेच थांबले. मी बोलले असते तर चारचौघांत झालं असतं की बाई जिवाला कंटाळली, औषध सोडून मरायला माहेरी आली, पोरीनं तिला साथ दिली. अण्णांनी तो बोल आमच्यावर येऊ दिला नाही. त्यासाठी त्यांनी स्वतःची विद्या पुढे केली, आणि त्यांच्याकडे तेवढंच तर होतं.

परत येताना मी मागे बसले. पुढचं सीट ताठ, रिकामं. नाशकात ही गोष्ट आमच्या आधी पोहोचली होती. पेठ रोडवर कुणीतरी म्हणालं, मोठी गाडी असेल तर त्याच्याकडे देऊ नका, त्याच्या बायकोचंच असं झालं. काही जुनी गिऱ्हाइकं सुटली. अण्णांनी कधी कुणाला उत्तर दिलं नाही. आमच्यातही त्या विषयावर शब्द निघाला नाही. सीट गाडीत तसंच राहिलं आणि गाडी दुकानाच्या मागे. मामांनी आमच्या घरी येणं सोडलं. माझ्या लग्नात आले, अक्षता टाकल्या आणि अण्णांशी न बोलता गेले. मामा आता खूप थकले आहेत, पण चष्मा लावून वाचतात असं मामेभाऊ सांगतो. त्यांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. मामा, माझ्या वडिलांच्या वायरिंगमध्ये फॉल्ट नव्हता. एकही नव्हता. मला शिव्या द्यायच्या असतील तर द्या, मी ऐकून घेईन.

आता दुकान मी चालवते. महिन्याकाठी दोन-तीन तरी सीटची कामं येतात. तरुण पोरं येतात, गाडीला मोटरचं सीट हवं असतं, वायरी दिसायला नको असतात. मी करून देते. फ्यूजची टोपी कुठे आहे ते प्रत्येकाला उघडून दाखवते आणि ते घाईत मान डोलावतात. अण्णांना माझ्या हातचं काम बघायला आवडायचं. पुढे त्यांचे डोळे गेले, कान मंदावले, मग नावंही जायला लागली. मला ते कधी मंगल म्हणायचे, कधी आईच्या नावानं हाक मारायचे. शेवटच्या महिन्यात त्यांनाही आडवं झोपवेना. मी कुणाला न विचारता दोन विटा आणल्या, तिसरी मधोमध फोडली आणि पलंगाखाली लावल्या. त्यांनी मान टेकली, जरा वेळ अंदाज घेतला आणि डोळे मिटले.

एका सकाळी चहा पाजून झाल्यावर मी पुढे दुकानात जायला निघाले होते. फ्लॅशरची टिकटिक चालू होती. त्यांनी हाक मारली, स्पष्ट, माझ्या नावानं.

"मंगे, सापडला का फॉल्ट?"

मी पलंगापाशी परत आले. तीस वर्षांत आमच्यात पहिल्यांदाच हा विषय निघत होता. माझ्या तोंडून आपसूकच गेलं, "नाही अजून, अण्णा. सावकाश शोधते."

त्यांनी मान हलवली, त्या दिवशी नदीवर हलवली होती तेवढीच. "आता नको शोधू. लय दिवस झाले. फ्यूज टाक, निघू."

फ्यूज माझ्या सुया-दोऱ्यांच्या डबीत होता. मी आणून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्यानं तो चाचपून पाहिला, दोन्ही पाती, मधली तार असलेली कड, आणि मूठ मिटून घेतली.